कडूबाईचं पेव

बायकांच्या दारावर कडूबाई उभी असली की आत पुरुषाची सावलीसुद्धा शिरत नसे. जिंतूरला आमचा सिनेमाचा तंबू लागला होता तेव्हाची गोष्ट. एक जमादार मिशीला पीळ भरत आला आणि म्हणाला, "आमची मंडळी आत हाय. निरोप द्यायचाय. सर बाजूला."

"नाव सांगा, बोलावते," कडूबाई म्हणाली.

त्याने बायकोचं नाव सांगितलं. कडूबाईने कनात जराशी सारली आणि खणखणीत हाक दिली, "ओ गंगूमाय, बाहीर या! तुमचं मानूस हरवलंय, दारात उभं राहून रडायलंय!"

अख्खा तंबू हसला. जमादार आला तसा निघून गेला. मी रंगभूमीवर उभ्या जवानीत राजे आणि सरदार रंगवले, पण एका वाक्यात एवढा हशा वसूल केलेला मला आठवत नाही.

ती बोरीची. वडील सटवाजी धान्याची पेवं खणायचे. तिच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने हिचं नाव कडू ठेवलं; मरणाने तोंड लावलं तरी थुंकून द्यावं म्हणून. नवरा साखर कारखान्यावर ऊस तोडायला गेला आणि तिकडेच दुसरं घर करून राहिला. हिने माहेर गाठलं, पण भावाच्या ताटाशी बसून राहणारी ती नव्हे. मानवतचे बन्सीधर फिरता सिनेमा चालवत. त्यांना बायकांच्या दारावर एक खमकी बाई हवी होती. कडूबाई गेली, उभी राहिली आणि त्या दाराचीच झाली.

मीही तिथेच होतो. आमची नाटक कंपनी मानवतच्या मुक्कामी मोडली, ती याच तंबूमुळे. ज्याने आमचे प्रेक्षक पळवले त्याच्याच दारात मी भोंगा घेऊन उभा राहिलो आणि "चला, चला, खेळ सुरू होतोय" म्हणून ओरडू लागलो. बन्सीधर दिलदार माणूस. त्यांनी मला कधी नोकर म्हटलं नाही आणि कडूबाईने मला कधी नावाने हाक मारली नाही. तिच्या लेखी मी शेवटपर्यंत "राजे" होतो. "राजे, भाकर खाऊन घ्या, मग राज्य करा," असं ती म्हणायची.

हैदराबाद संस्थान हिंदुस्थानात आलं त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बन्सीधरांनी हैदराबादहून एक जुना कॅमेरा आणला. हाताने फिरवायचा. बरोबर शिळ्या फिल्मची काही रिळं स्वस्तात मिळाली. "दुसऱ्यांचे पिक्चर लय दाखवले," ते म्हणाले, "आता आपल्या मुलखाचा काढायचा." पहिलं नाव निघालं बोरीचं, कारण नागपंचमी तोंडावर आली होती आणि कडूबाईने सांगितलं होतं की पंचमीला वारुळाजवळ आमच्या बायका फुगड्या घालतात, ते बघाल तर नाटक-सिनेमा विसराल.

बायका मात्र तयार होईनात. त्या पेटीत जीव ओढला जातो, असं कुणीतरी उठवलं होतं. पुरुषांचं म्हणणं आणखी वेगळं होतं. वारुळाला पुजलं की बायका मोकळ्या होतात, तिथे गडीमाणूस जात नाही, आणि हा मानवतचा सावकार पेटी घेऊन जाणार? कडूबाई घरोघर फिरली. शेवटी धुरपताबाईने गाडी रुळावर आणली. धुरपताबाई म्हणजे गावचे पंच भुजंगराव यांची आई. गावातल्या सगळ्या गाण्यांची पोतडी तिच्याकडे. ती म्हणाली, "आगं, साठी उलटली मपली. मपली पाठ कशी दिसती ते मला अजून म्हाईत न्हाई. पेटीवाल्याला दिसंल आन् मला दिसनार न्हाई व्हय?"

"दिसंल, माय," कडूबाई म्हणाली. "हितंच, बोरीत, तुमाला तुमी दाखवीन. न्हाई दाखवलं तर मला लेक म्हनू नका."

हा शब्द तिने वारुळापुढे दिला. नागोबाला वाहिलेल्या लाह्या तिच्या हातात होत्या.

पिक्चर निघाला. बन्सीधर घामाने भिजून दांडी फिरवत होते. धुरपताबाई आणि तिची सून, भुजंगरावांची बायको मनकर्णा, फुगडीला उभ्या राहिल्या. सासू-सुनेची फुगडी! गरागरा फिरताना मनकर्णाचा पदर डोक्यावरून खाली आला, केस सुटले, आणि ती पदर सावरायला थांबली नाही. हसत फिरतच राहिली.

रिळं धुवायला हैदराबादला गेली. धुऊन आली तेव्हा बन्सीधर अंथरुणाला खिळले होते. त्यातून ते उठले नाहीत. त्यांच्या भावाने तंबू दुसऱ्याला विकला आणि जुन्या फिल्मा बांगड्यांच्या कारखान्याला द्यायचं ठरवलं. तिथे त्या धुऊन, वितळवून बांगड्या करत. नव्या मालकाने आम्हा सगळ्यांना ठेवून घेतलं, पण बोरीचा पिक्चर लावायला तो राजी नव्हता. "सेन्सॉरचा कागद न्हाई. माझं लायसन जाईल." कडूबाईने बांगड्यांच्या गाडीतून बोरीचे तीन डबे उतरवले आणि डोक्यावर घेतले. कुणी अडवलं नाही. अडवणाऱ्याने तिचा चेहरा बघितला असावा.

आता आमच्या ऑपरेटरची ओळख करून देतो. चंद्रभान, जन्म हैदराबादचा, बोलणं निम्मं मराठी निम्मं दखनी. मशीनच्या खोलीत विडी ओढणाऱ्याला त्याने एकदा चपलेने मारलं होतं. तो म्हणाला, "बाई, ये फिलम नहीं, साप है. विस्तव दिसला की पेटतो, आणि पेटला की पाण्यातसुद्धा विझत नाही. गर्मीत ठेवला तर आपल्या आप सडतो. थंड जागा पाहिजे. परभणीत उन्हाळ्याला थंड जागा कुठून आणशील?"

"बापाची हाय," कडूबाई म्हणाली.

पेव म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, एक माणूस कसाबसा उतरेल एवढं. आत मात्र रांजणासारखं मोठं पोट. वर वैशाखाची भट्टी पेटलेली असताना आत माठातल्या पाण्यासारखा गारवा. धान्य लेव्हीत, सरकारच्या सक्तीच्या वसुलीत, जाऊ लागलं होतं, त्यामुळे सटवाजीच्या घरामागचं पेव रिकामं पडलं होतं. कडूबाईने ते झाडलं, शेणाने सारवलं, तळाला कडबा अंथरला आणि डबे ठेवले. मग तिने पिढ्यान्‌पिढ्या तिच्या घराण्याने जे केलं तेच केलं. डब्यांच्या झाकणांच्या फटी मेणाने बुजवल्या. पेवाच्या तोंडावर दगड बसवला, वर शेण-मातीचा गिलावा दिला, वाऱ्याला शिरायला सुईएवढी जागा ठेवली नाही. ज्वारी अशी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. हवा लागली की कीड लागते, हे बोरीत लहान पोरालाही ठाऊक.

पुढच्या उन्हाळ्यात आमचा तंबू बोरीजवळ आला तेव्हा तिने पेव उघडलं. मी शेजारी होतो. दगड सरकला आणि आतून जो दर्प आला, तो मी आजही सांगू शकत नाही. आंबट म्हणावा तर नाकात तिखटासारखा झोंबणारा. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. एक डबा वर काढला तर आत फिल्म नव्हतीच. गुळाच्या पाकासारखा तपकिरी चिकट गोळा होता आणि झाकण आतून गंजून खडबडीत झालं होतं.

कडूबाईने बोटाने तो गोळा टोकरून बघितला. वारुळाकडे निघालेल्या बायका, ती सुरुवात, त्या डब्यात होती. ती गेली होती.

चंद्रभानला बोलावलं. त्याने डबा हुंगला आणि कपाळाला हात लावला. "बाई, तू क्या की? याला ज्वारी समजली? ज्वारीला बाहेरची हवा मारते. याला याच्याच आतली वाफ मारते. फिलम वाफ सोडते, तेजाबासारखी. तू झाकण बंद केलंस, वाफ आतच राहिली आणि फिलमलाच खात बसली. वर हा माल शिळा, धुतलाही असा तसाच."

"मंजी याला दम घ्यायला पायजे."

"हां. दम घेऊ दे, पण ऊन नको, ओल नको, विस्तव तर नकोच."

मेलेला डबा तिने स्वतः नदीच्या पात्रात नेला आणि लांबून पेटवून दिला. उरलेल्या दोन डब्यांची मेणं खरवडून काढली, झाकणं सैल केली, ते बांबूच्या टोपलीत ठेवले. चंद्रभान म्हणाला, तेजाबाला चुना गिळतो. तिने भाजलेल्या चुन्याची मडकी पेवात चहूबाजूंनी मांडली. चुना फुलून मऊ झाला की बदलायचा. टोपलीवर एक घासलेला तांब्याचा ढब्बू पैसा दोऱ्याने टांगला. वाफ साचली की पैसा हिरवा पडे. मग कडूबाई कडुलिंबाचा पाला भरगच्च बांधून, तो दोरीने आत सोडून भराभर वर-खाली करी, विहिरीत बादली आपटावी तसा, आणि आतला वाफारा वर हुसकून लावी. आम्ही जिथे मुक्कामाला असू तिथून ती बोरीला जाऊन यायची. कधी मोटारीने, कधी बैलगाडीने, आणि काही नाही मिळालं तर चालत.

एकच अडचण होती. पेवात उतरण्याआधी आत कंदील सोडायचा, हा आमच्याकडचा रिवाज. कंदील विझला तर आत हवा वाईट, उतरायचं नाही. असे कंदील न सोडता उतरलेले लोक परत वर आले नाहीत. इथे कंदील चालणार नव्हता. मग कडूबाई टोपलीत कोंबडी बसवून आत सोडायची. कोंबडी खाली आरडाओरडा करीत राहिली की ही उतरणार. भावजय म्हणायची, "वन्सं, तुमच्या पिक्चरपायी मपली कोंबडी अंडी देईना झाली."

"देईल. तिला म्हनावं, तुपलं बी नाव पिक्चरच्या पाटीवर लिवते."

वास मात्र लपला नाही. गल्लीत दर्प येऊ लागला, तशी कुजबुज सुरू झाली. त्यातच कुणीतरी भुजंगरावांच्या कानावर घातलं की त्या पिक्चरमध्ये मनकर्णाचा पदर पडलेला आहे. एका सकाळी भुजंगराव चार माणसं घेऊन सटवाजीच्या घरामागे आले. त्यातला मुंजाजी पेवं उघडण्यातला जाणता. मी आणि कडूबाई आदल्या दिवशीच बोरीत आलो होतो.

भुजंगराव वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगतो. त्यांची भीतीही खोटी नव्हती. गवताच्या छपरांचं गाव होतं ते. ते म्हणाले, "कडूबाई, हे जहर गावात नगं. आज बाहीर काढायचं आन् जाळायचं. पंचांचं ठरलंय."

"पंचांत बाया किती होत्या, दादा?"

"बायांचा काय संबंध?"

"पिक्चरमंदी तर आवघ्या बायाच हायत."

भुजंगरावांचा आवाज चढला. "त्याच्यासाठीच म्हनतोय! घरच्या सुनेच्या डोक्यावरून पदर पडलेला आवघ्या मुलखानं बघावा? तुला इज्जतीचं काय हाय, तू तंबूत उभी राहनारी!"

"तंबूत म्या बायांच्या दारावर उभी राहते. आन् एक बी गडी आत जाऊ देत न्हाई," कडूबाई म्हणाली. "आज बी देनार न्हाई."

मुंजाजीने तोवर रिवाजाप्रमाणे पेवाचा दगड सरकवला होता आणि कंदील पेटवून दोरीला बांधला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं. पेव उघडलं की कंदील सोडायचा, एवढंच त्याच्या हाताला ठाऊक. कंदील काठावर आला आणि कडूबाईने झेप घेऊन पेवाच्या तोंडावरच बैठक मारली. पाय आत लोंबकळत, दोन्ही हात काठावर.

"मुंजाजीभाऊ, कंदील मागं घे. तो आत गेला तर हे पेव न्हाई, तोफ होईल. तुपलं छप्पर पैलं उडंल."

मुंजाजी विस्तव धरल्यासारखा मागे उडाला. बाकीचेही सरकले.

"ऊठ तिथून," भुजंगराव म्हणाले.

"न्हाई उठत. म्या वारुळापुढं शब्द देलाय. एक डबा मपल्या येडेपनानं गेला, तो म्या माझ्या हातानं जाळला. ऱ्हायलेले दोन कुनाच्या हुकमानं जळनार न्हाईत. बायांना दाखवीन, मंग तुमी म्हनाल ते करीन. त्याच्या आधी जाळायचं असंल तर सोडा कंदील. म्या हितंच हाय."

तेवढ्यात काठी टेकत धुरपताबाई आली. मागे बायकांचा घोळका. म्हातारी मुलाकडे न बघता थेट पेवाजवळ गेली आणि वाकून आत नाक खुपसलं.

"कडे, मपली पाठ नासली का गं?"

"न्हाई माय. अजून हाय."

"मंग ठीक." आता ती मुलाकडे वळली. "भुजंगा, तुला न्हानपनी न्हाऊ घालताना म्या पदर डोक्यावर घेत व्हते का रं? जा. बैलं सोड, उन्हं वर आली."

कुणीतरी फिस्सकन हसलं. भुजंगराव लाल झाले. त्यांनी मनकर्णाकडे बघितलं. ती घोळक्यातून पुढे आली आणि कडूबाईच्या शेजारी पेवाच्या काठावर बसली. पदर तिने नीट डोक्यावर घेतला होता. पण ती बसली.

पुरुष निघून गेले.

त्यानंतर नव्या मालकाला चंद्रभानने आणि मी मिळून गळ घातली. तिकीट नसेल तर तो खेळ नव्हे, आणि खेळ नसेल तर लायसनचा प्रश्न नाही, असा मुद्दा मी राजदरबारात मांडावा तशा थाटात मांडला. मालक कंटाळून हो म्हणाला. दिवाळीआधी सुगीच्या तोंडावर बोरीच्या माळावर तंबू लागला.

पण डबे उघडून चंद्रभानने रिळं उलटून पाहिली. दुसऱ्या डब्यातलंही अर्धं रीळ चिकटलेलं होतं. जे चांगलं होतं ते आकसलेलं, वाळल्या पानासारखं कडक. "बाई, जपून ठेवलंस तर आणखी चार-सहा वर्षं राहील. मशीनवर चढवलं तर... एकदा जाईल. दुसऱ्यांदा नाही."

मला वाटलं, ती विचार करील. एवढे दिवस कोंबडी, चुना, पाला करत जे जगवलं ते एका फेरीत जाणार होतं.

"मंग चढव की," ती म्हणाली. "राखत बसायला म्या काय धनावरचा नाग हाय?"

दिवे लागले तशी बोरी माळावर लोटली. आमच्याकडे तंबूत पुरुष पडद्याच्या पुढे बसत आणि बायका पडद्याच्या मागे, कनातीत. त्यांना पिक्चर आरपार, उलटा दिसे. त्या दिवशी कडूबाईने बायकांना पुढे बसवलं आणि पुरुषांना मागे धाडलं. भुजंगरावही मागे गेले. मशीनशेजारी पाण्याचे घागरी-हंडे, वाळूची घमेली, ओल्या घोंगड्या. मी भोंगा घेतला, पण कडूबाई म्हणाली, "राजे, आज ओरडायचं न्हाई. आज त्या ओरडतील."

इंजिन धडधडलं. पडद्यावर ठिपके, रेघा, पांढरे डाग नाचले, आणि त्यातून वारूळ दिसलं. मग बायका. पिक्चरला आवाज नव्हता. समोरच्या बायकांनीच गाणं उचललं. पडद्यावर ओठ हलत होते आणि खाली गळे गात होते. मग धुरपताबाई पडद्यावर वळली, तिची पाठ दिसली, आणि म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आगं बया, ही तर मपल्या मायचीच पाठ!"

फुगडी आली. सगळ्यांना ठाऊक होतं काय येणार आहे. मनकर्णाचा पदर घसरला, केस सुटले, ती हसत फिरत राहिली. क्षणभर गाणं थांबलं. मग बायकांनी जी आरोळी दिली, ती ऐकून माळावरची कुत्री भुंकू लागली. पडद्याच्या मागून एक आवाज आला, "इकून समदं उलटं दिसायलंय!"

"आमी जल्मभर उलटंच बघितलं, तुमी एक दिस बघा!" पुढून कुणीतरी ओरडलं.

रीळ संपलं. चंद्रभानने घाम पुसला. कुठे पेटलं नव्हतं, फक्त तीनदा तुटलं होतं आणि त्याने जोडलं होतं. आणि बायका उठेनात.

"पुन्यांदा," मनकर्णा म्हणाली. त्या दिवसांत मी ऐकलेला तिचा तो पहिला शब्द.

चंद्रभानने नाही म्हणून मान हलवली. कडूबाईने त्याला विचारलंच नाही. ती बायकांकडे वळली. "दुसऱ्यांदा लावला तर ह्यो मरंल. ठेवायचा का बघायचा?"

"बघायचा!"

दुसऱ्यांदा लावला. फुगडीपर्यंत आला आणि कडकड वाजत तुटला, जिथे हात लावावा तिथे तुकडा पडायला लागला. चंद्रभानने मशीन बंद केलं. तो हळूच म्हणाला की हे तुकडे गावात ठेवता येणार नाहीत.

आम्ही ते घमेल्यात भरून नदीकडे न्यायला निघालो तेव्हा भुजंगराव पडद्यामागून आले. हातात काडेपेटी होती. आवाजात पूर्वीचा ताठा नव्हता, पण पंचाचा मान ठेवून त्यांनी विचारलं, "आता तरी जाळायचं ना, कडूबाई?"

"आता जाळा की, दादा," ती म्हणाली आणि घमेलं त्यांच्यापुढे धरलं. "आता ह्यात हाय काय? समदं बाया घरी घेऊन गेल्या."

माळावर अजून फुगडीचं गाणं चालू होतं. भुजंगरावांनी काडेपेटी माझ्या हातात दिली आणि कडूबाईच्या हातचं घमेलं आपल्या डोक्यावर घेऊन नदीची वाट धरली.